म्हणणे

साहेब निकाल सांगत होते आणि मी लिहून घेत होते. स्टेनो म्हणून कोर्टात लागून मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. हाताला वेग होता, पण कानाला कायद्याची भाषा अजून सरावली नव्हती. मारहाणीचा खटला होता. बोलता बोलता साहेब म्हणाले, "आणि आरोपीने निर्दयपणे काठी उगारली." मी लिहिलं. पुढचं वाक्य येईना म्हणून मान वर केली, तर ते माझ्या वहीकडे बघत होते.

"'निर्दयपणे' खोडा," ते म्हणाले. "काठी उगारली एवढं साक्षीदारानं सांगितलंय. निर्दयपणे हे मी सांगतोय. मी साक्षीदार नाही."

पुढे सव्वीस वर्षं मी वेगवेगळ्या न्यायाधीशांसमोर बसून निकाल उतरवले. कुणी झपाट्यानं सांगत, कुणी एका वाक्यानंतर दहा मिनिटं फाईल चाळत बसत. त्यातलं पुष्कळसं विसरले. पेन्सिलीची ती एक आडवी रेघ मात्र विसरले नाही. विशेषण गेलं आणि वाक्यात एक माणूस आणि त्याची एक कृती एवढंच उरलं. त्या माणसाला शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण शिक्षा झाली ती काठी उगारण्याची. तो कसा माणूस आहे याचा निकाल त्या कागदावर कुठेच नव्हता.

सगळेच न्यायाधीश ही रेघ मारतात असं नाही. न मारल्यावर काय होतं ते आपल्या राज्यानं पाहिलेलं आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं. ती मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय आहे, अशा अर्थाची वाक्यं त्या निकालात होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोघांना दोषी धरलं, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, हे एक मोठं कारण. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं त्या स्त्रीनं सांगितलं, तर ती नव्हती असंच न्यायालयानं गृहीत धरायचं, असं ठरलं.

मला यात नेहमी एक गोष्ट टोचते. 'तिला सवय आहे' हे वाक्य न्यायालयात जन्मलेलं नाही. ते बाहेर, चार माणसं जमतात तिथे, कितीतरी आधीपासून बोललं जात होतं. न्यायाधीश सकाळी कोर्टात येताना ते आपल्याबरोबर घेऊन आले एवढंच. म्हणून न्यायाधीश कसा न्याय करतात आणि आपण एकमेकांचा कसा करतो, हे मला कधीच दोन वेगळे विषय वाटले नाहीत. ज्या मातीतून आपली मतं येतात, तिच्यातूनच त्यांचीही येतात. फरक इतकाच, की त्यांच्या मतांना अडवायला वाटेत काही फाटकं उभी केलेली आहेत. आपल्या वाटेवर एकही नाही.

त्यातलं पहिलं फाटक म्हणजे 'म्हणणे'. कोर्टात न वावरलेल्या माणसाला या शब्दाचं वजन कळणार नाही. कुणी कसलाही अर्ज दिला की साहेब त्याच्या कोपऱ्यात लिहितात, 'समोरच्या पक्षाने म्हणणे द्यावे.' मग म्हणणे दाखल होतं, त्याला निशाणी क्रमांक पडतो आणि त्यानंतरच अर्जाचं पुढे काय ते ठरतं. फौजदारी खटल्यात साक्षीपुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात. पुराव्यात तुमच्याविरुद्ध हे आलंय, याबद्दल तुम्हाला काय सांगायचंय? एकेक गोष्ट घेऊन विचारतात. त्या वेळी त्याला शपथही देत नाहीत. आणि गुन्हा सिद्ध झाला तरी विचारणं संपत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं घालून दिलेली आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही असलेली पद्धत अशी, की दोषी ठरवल्यावर सहसा शिक्षा सांगण्याआधी पुन्हा थांबायचं आणि शिक्षेबाबत त्याचं काय म्हणणं आहे ते ऐकायचं. सर्वोच्च न्यायालयानं 1980 च्या बच्चनसिंग प्रकरणात फाशीच्या संदर्भात हेच बजावलं, की नुसता गुन्हा बघू नका, गुन्हा करणारा माणूसही बघा.

एकदा असाच एक जण पिंजऱ्यात उभा होता. दोषी ठरून पाच मिनिटं झाली असतील. शिक्षेबाबत काही सांगायचंय का, असं साहेबांनी विचारलं. तो इतका वेळ गप्प राहिला की शिपाई त्याला खुणावायला लागला. मग म्हणाला, "पोरगी दहावीला आहे. तिला पेपर झाल्यावर सांगा." साहेबांनी ते वाक्य मला तसंच्या तसं घ्यायला सांगितलं. शिक्षा त्यामुळे कमी झाली नाही. पण ते वाक्य त्या निकालपत्रात आजही आहे आणि ते टाईप करताना माझी बोटं थांबली होती.

निकालपत्राची रचना मी झोपेतही सांगू शकेन. आधी हकीकत. मग मुद्दे, म्हणजे नेमकं काय ठरवायचं आहे. त्यापुढे निष्कर्ष, त्याखाली कारणं, आणि सगळ्यात शेवटी आदेश. आपण घरात, ऑफिसात, नात्यात एकमेकांविषयी बोलतो तेव्हा सुरुवातच आदेशानं होते. ती आगाऊ आहे, तो घमेंडी आहे. कारणं नंतर जमवली जातात आणि मुद्दा काय होता हे बहुतेक वेळा शेवटपर्यंत कुणाला ठाऊक नसतं.

एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1967 मधला एक प्रयोग वाचल्यापासून मला या घाईची जास्त भीती वाटते. त्यांनी काही लोकांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोविषयीचे निबंध वाचायला दिले, काही बाजूचे, काही विरोधातले. ज्यानं निबंध लिहिला त्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, त्याला ती नेमून दिली होती, हे काही वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं. तरीही बाजूनं लिहिणारा मनातून कॅस्ट्रोच्याच बाजूचा असणार, याकडे त्यांचा कल राहिला. त्या माणसाला तसं लिहायला लावलं आहे हे समोर दिसत असूनही. वाचताना मला वाटलं, इथे तर परिस्थिती आधीच सांगितलेली होती. रोजच्या जगण्यात ती आपल्याला कोण सांगतं? कुणी चिडून बोललं, कुणी लग्नाला आलं नाही, कुणी पैसे वेळेवर परत केले नाहीत, आणि त्या माणसाच्या त्या दिवसाबद्दल आपल्याला काडीचीही माहिती नसते. आपण माहिती मागतही नाही. म्हणणे न घेताच निकाल देतो.

आता मला जे सांगायचंच आहे त्याकडे येते.

आमच्या कोर्टात नाझर विभागात, म्हणजे कोर्टाच्या पैशांचा हिशेब ठेवतात तिथे, एक लिपिक होते. वयानं माझ्याएवढेच, पण मला ताई म्हणायचे. संध्याकाळी सुटल्यावर बसथांब्यापर्यंत आम्ही चौघं-पाच जण बरोबर चालत जायचो, त्यात ते असायचे. 2009 मध्ये हिशेबात एक रक्कम जुळेना. ती त्यांच्या टेबलावरून गेलेली होती. चौकशी बसली आणि ते निलंबित झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "चौकशीत काय ते समोर येईलच."

ते म्हणाले, "हो, ते येईलच." आणि फोन ठेवला.

आपण अगदी योग्य बोललो असं मला तेव्हा वाटलं होतं. ना दोषी म्हटलं, ना निर्दोष. कोर्टात काम करणाऱ्या बाईला शोभेल असं उत्तर. आमच्यापैकी कुणीच त्यांना चोर म्हटलं नाही. फक्त त्यांना फोन करणं हळूहळू थांबलं. त्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, "कर नाही त्याला डर कशाला?" ते भेटायला येत नव्हते, त्याला डर म्हटलं गेलं. आले असते तर दबाव आणायला आले असं म्हटलं गेलं असतं. त्या म्हणीवर मी नंतर खूप विचार केला. आपल्या संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदात लिहिलंय, की आरोपीला स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. म्हणजे गप्प राहिला म्हणून तो गुन्हेगार, असं म्हणायला कायद्यानं बंदी आहे. आणि आम्ही, त्याच कायद्याच्या इमारतीत दिवसभर बसणारी माणसं, संध्याकाळी फाटकाबाहेर पडताना त्यांच्या गप्प बसण्यातूनच अर्थ काढत होतो.

तीन वर्षांनी चौकशीचा निष्कर्ष आला. रक्कम कुठेही गेलेली नव्हती. भलत्याच शीर्षाखाली जमा झाली होती आणि ती चूकही दुसऱ्या कुणाची तरी होती. 'दोषारोप सिद्ध होत नाहीत.' ते कामावर परत आले, पण नाझर विभागात नाही, अभिलेख कक्षात, जुन्या फायलींच्या बस्त्यांमध्ये. आम्ही सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. बसथांब्याची वाट मात्र ते आता एकटेच चालायचे. आमच्या पाच मिनिटं आधी निघायचे किंवा दहा मिनिटं नंतर.

चौकशीला तीन वर्षं लागली. आमचा निकाल एका आठवड्यात लागला होता आणि तो कुठे लिहिलेलाच नसल्यामुळे फिरवताही येत नव्हता. वरच्या न्यायालयात जायचं तर प्रमाणित प्रत जोडावी लागते. लोकांच्या मनातल्या निकालाची प्रत कुठून आणायची?

अशा निकालांचं आयुष्य किती असतं, हे आपल्या भाषेतच बघा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या एका घटनेतून मराठीला दोन गोष्टी मिळाल्या. एक रामशास्त्री प्रभुण्यांची. त्यांनी चौकशी केली, दोष थेट राघोबादादांपर्यंत नेला, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि अशा राज्यात राहणार नाही म्हणून पद सोडलं, अशी ती हकीकत सांगतात. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर दोषी म्हणणारा न्यायाधीश. दुसरी गोष्ट आनंदीबाईंची. 'धरावे'चं 'मारावे' त्यांनी केलं म्हणे, आणि 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार झाला. त्यांचा त्या कटात किती हात होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. खाडाखोड केलेला तो कागद आपण कुणी पाहिलेला नाही. तरी अडीचशे वर्षं प्रत्येक शाळकरी पोर तो निकाल पुन्हा वाचून दाखवतं. मीसुद्धा टायपिंगची चूक झाली की सहज म्हणायचे, ध चा मा झाला बघा. एका बाईला आपण रोज, न ऐकता, पुन्हा दोषी ठरवतोय हे कधी मनातही आलं नाही. आता मी तो वाक्प्रचार वापरत नाही.

कायद्याला विसरण्याचीही सोय आहे, ही मला त्याची सगळ्यात माणुसकीची बाजू वाटते. 1963 च्या मुदतीच्या कायद्यानं बहुतेक दाव्यांना कालमर्यादा घातली आहे. उसने दिलेले पैसे परत मिळवायचे तर साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, नाहीतर तो मुदतबाह्य. कायद्याशी संघर्षात सापडलेल्या मुलांच्या बाबतीत, काही गंभीर अपवाद सोडले, तर ठरावीक काळानंतर दोषसिद्धीची नोंदच नष्ट करायची असं 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो. माझ्या ओळखीत दोन सख्ख्या जावा आहेत. त्यांच्यातलं एक वाक्य बत्तीस वर्षांपूर्वीचं आहे. ते आजही मुदतीत आहे.

आणखी एक. जवळच्या माणसाचा खटला समोर आला की न्यायाधीश तो दुसऱ्याकडे पाठवतात. आपण मात्र आपल्या आयुष्यातले सगळ्यात कडक निकाल नेमके आपल्याच माणसांचे देतो.

24 ऑगस्ट 2017 ला, दुपारच्या सुट्टीत, आमच्या कार्यालयात एकच चर्चा होती. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा निकाल आला होता. मला धरून ठेवलं ते त्याच निकालातल्या दुसऱ्या एका भागानं. आणीबाणीत, एप्रिल 1976 मध्ये, जबलपूर प्रकरणात याच न्यायालयानं चार विरुद्ध एक असं ठरवलं होतं, की आणीबाणी चालू असताना स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले होते. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चार जणांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी तो निकाल गंभीर चुकीचा होता असं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, त्यांचेच चिरंजीव.

लोक वडील-मुलगा हेच बोलत होते. माझं मन दुसरीकडेच अडकलं होतं. एवढ्या मोठ्या न्यायालयानं, एवढ्या वर्षांनी, जेव्हा त्या स्थानबद्धांपैकी कितीतरी जण हयातही नसतील, तेव्हा कागदावर लिहून ठेवलं, की आम्ही चुकलो. तो निकाल तोपर्यंत कुणी वापरतही नव्हतं. तो नुसता पडून राहिला असता तरी चाललं असतं. तरी त्यांनी तो उघडला.

मला तो फोन आठवला. आठ वर्षं मी स्वतःला सांगत होते, की मी काही वाईट बोलले नव्हते. खरंच नव्हते. माझ्या वाक्यात एकही विशेषण नव्हतं, खोडण्यासारखं काही नव्हतं. आणि मग लक्षात आलं, चूक वाक्यात नव्हतीच. साहेब जे बोलले असते ते मी बोलले होते. पण साहेबांना तसं बोलावं लागतं, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्या तोंडाकडे बघत असतात. माझ्या तोंडाकडे फक्त एक माणूस बघत होता. त्यानं मला निकाल मागितला नव्हता. रोज शेजारून चालणाऱ्या बाईला त्यानं विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं? आणि मी उत्तर दिलं ते डायसवर बसून. तटस्थ राहणं हा न्यायाधीशाचा धर्म आहे. मैत्रीत तो मी पाळला आणि त्याला प्रामाणिकपणा समजले. "मला नाही वाटत तुम्ही घेतले असतील, पण तुम्ही सांगा, झालं काय?" एवढंच म्हणायला हवं होतं. त्यात चौकशीचा कसलाही अवमान झाला नसता.

चार दिवसांनी मी अभिलेख कक्षात गेले. ते टेबलाशी उभं राहून एका बस्त्याला गाठ मारत होते.

मी म्हणाले, "त्या दिवशी फोनवर मी चुकीचं बोलले."

"कुठला फोन?"

"निलंबनाच्या दुसऱ्या दिवशीचा. संध्याकाळचा. तुम्ही विचारलं होतं, मला काय वाटतं."

त्यांनी गाठ सोडली, पुन्हा मारली. बस्ता उचलून फळीवर ठेवला, त्यावरचा क्रमांक दिसेल असा फिरवला. नंतर भिंतीशी असलेल्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या आणि रुमालानं खुर्ची पुसली.

"बसा ताई," ते म्हणाले. "सांगतो काय झालं होतं ते."